परत बोलावलेली गाडी आणि दुरुस्तीचा ताळा



गणिताचे उत्तर काढून झाले म्हणजे काम संपले असे चांगला विद्यार्थी मानीत नाही. तो ताळा पाहतो. उत्तर काढणे ही एक क्रिया आहे आणि ते उत्तर बरोबर आहे की नाही हे पडताळणे ही दुसरी. पहिली क्रिया ज्याने केली त्याच्या शब्दावर दुसरी सोडून देता येत नाही. म्हणून तर आपल्याकडे परीक्षक निराळा नेमतात.

हीच गोष्ट कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तूंना लागू पडते. एखाद्या गाडीत दोष आढळला म्हणजे कारखानदार ती जात परत बोलावतो, दोष दूर करतो आणि गाडी मालकाच्या स्वाधीन करतो. या क्रियेला सर्वत्र ‘रिकॉल’ म्हणतात. वर्तमानपत्रात बातमी येते, वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि विषय मिटतो. पण दुरुस्ती झाली म्हणजे दोष गेला का? आणि हे पाहावयाचे कोणी? विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या देशांच्या सरकारांनी हा ताळा पाहिला. त्याची माहिती आपण या पाठात करून घेऊ या.

हा विषय परका नाही. आपल्या विजय नगरातील कोणत्याही रस्त्यावर सायंकाळी पाच मिनिटे उभे राहिले, तर आवाज न करता जाणाऱ्या किती दुचाकी दिसतात ते मोजून पाहावे. त्यांतील कित्येक रात्री इमारतीच्या जिन्याखाली चार्जिंगला लावलेल्या असतात. कित्येकांची बॅटरी काढून वर घरात नेलेली असते. ज्या खोलीत आपण झोपतो त्याच खोलीत ती असते. म्हणून तिच्याविषयी अज्ञान परवडणारे नाही.

घट पेटतो कसा?

प्रथम थोडे शास्त्र पाहिले पाहिजे. अशा गाडीच्या पेटीत एकच मोठा घट असतो असे नाही. पुष्कळ गाड्यांत लहान लहान लिथियम-आयन घटांची माला असते. त्यांपैकी एक सर्वपरिचित घट १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, म्हणजे जेमतेम बोटाएवढा असतो. त्याच्या आत धनाग्र आणि ऋणाग्र यांचे पातळ थर एकमेकांवर गुंडाळलेले असून त्यांच्यामध्ये एक अतिशय पातळ सच्छिद्र पडदा असतो. सगळे काही एका ज्वालाग्राही द्रवात भिजलेले असते. लिथियमचे आयन पडद्यातून ये-जा करतात. पण दोन अग्रे मात्र एकमेकांस कधीही भिडता कामा नयेत.

हा पडदा फाटला, दुमडला, घट तयार होताना धातूचा कण आत राहिला, किंवा घट प्रमाणाबाहेर चार्ज झाला, तर अग्रे आतल्या आत जोडली जातात. उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने आतील रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. वाढलेल्या वेगाने उष्णता आणखी वाढते. हे चक्र एकदा सुरू झाले की ते आपणहून थांबत नाही. एका घटाची आग शेजारच्या घटास लागते आणि विझल्यासारखी वाटलेली पेटी पुन्हा पेट घेऊ शकते.

यावरून दोषाच्या चार जागा लक्षात येतील. दोष घटातच असू शकेल. घट एकत्र जोडण्याच्या पद्धतीत, म्हणजे सैल जोडणीत किंवा उष्णता बाहेर जाण्याची सोय नसण्यात असू शकेल. घटांचे तापमान व दाब यांवर पहारा ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत असू शकेल. अथवा चार्जरमध्ये असू शकेल. प्रत्येक दोषाचा उपाय वेगळा आहे. जोडणी सैल असेल तर ती घट्ट करणे हा पुरा उपाय झाला. परंतु घटाच्या आतील पडदा दुमडलेला असेल, तर बाहेरची जोडणी कितीही घट्ट केली तरी उपयोग नाही. या पाठातील हा मुख्य मुद्दा आहे. तो ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

पेट्रोलही पेटते, आणि विजेची गाडी म्हणजे संकट असा याचा अर्थ नव्हे. शहरातील धूर आणि गोंगाट कमी करणारे हे वाहन आपणांस हवेच आहे. हवे आहे म्हणूनच ते निर्दोष असावे, एवढाच आग्रह.

२०२२ चा उन्हाळा

आता आपल्या देशातील घटना पाहू. २०२२ च्या मार्च महिन्याच्या २६ तारखेस पुण्याच्या लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ओला कंपनीच्या स्कूटरने पेट घेतला. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. त्याच सुमारास तमिळनाडूतील वेल्लोर येथे घरी चार्जिंगला लावलेली दुचाकी रात्री पेटली आणि धुराने गुदमरून एक गृहस्थ व त्यांची मुलगी मृत्युमुखी पडली. पुढे ९ एप्रिलला नाशिकात, म्हणजे आपल्या विजय नगराजवळून जाणारा आग्रा-मुंबई रस्ता ज्या शहरातून पुढे जातो त्या नाशिकात, एका मालमोटारीवर चढवलेल्या ४० विजेच्या स्कूटरींपैकी २० जळून गेल्या. त्या कोणी चालवीत नव्हते.

केंद्र सरकारने संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या दिल्ली येथील अग्नि व स्फोटक सुरक्षा केंद्राकडे चौकशी सोपवली. २१ एप्रिल २०२२ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी तज्ज्ञांची समिती नेमल्याचे जाहीर केले आणि दोषी कंपन्यांस मोठा दंड करण्यात येईल व सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्यात येईल असे बजावले. कंपन्यांनी आपण होऊन आधीच तसे करावे, असेही सुचवले.

कंपन्यांनी गाड्या बोलावल्याही. ओकिनावा कंपनीने १६ एप्रिलला ३,२१५ गाड्या परत बोलावल्या. प्युअर ईव्ही कंपनीने २,००० आणि ओला कंपनीने २४ एप्रिलला १,४४१. ओकिनावाच्या निवेदनात बॅटरीच्या सैल जोडण्या किंवा अन्य बिघाड तपासून विनामूल्य दुरुस्त करण्याचे आश्वासन होते. ओलाच्या निवेदनात घटमाला, उष्णता-नियंत्रण आणि सुरक्षा-यंत्रणा यांची तपासणी करण्यात येईल असे म्हटले होते. पुण्याची घटना एकाकी असावी, असे प्राथमिक मतही त्यात होते.

येथे तारखांकडे लक्ष द्यावे. गाड्या परत बोलावल्या गेल्या त्या एप्रिलमध्ये. त्या वेळी सरकारी चौकशी चालू होती. तिचे निष्कर्ष वर्तमानपत्रांतून येऊ लागले ते मे महिन्यात, आणि त्यांत घटमालेच्या रचनेतील व चाचण्यांतील उणिवांचा उल्लेख होता. म्हणजे निदान पुरे होण्याआधीच औषध लिहून दिले गेले होते. घाईचे कारण समजण्यासारखे आहे. रोगी तापाने फणफणत असता वैद्य प्रथम ताप उतरवतो, त्यात वावगे काही नाही. परंतु निदान हाती आल्यावर आधीचे औषध योग्य होते की नाही, हे पुन्हा पाहणे त्याचे कर्तव्य ठरते.

तज्ज्ञ समितीच्या शिफारशींवरून सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये सुरक्षेची मानके कडक केली. दुचाकींच्या मानकाचा क्रमांक १५६ असून घट, पहारा-यंत्रणा, चार्जर व पेटीची रचना यांविषयी नव्या अटी त्यात आल्या. एका घटात आतल्या आत जोड होऊन आग लागली तर ती इतरत्र कशी पसरते, याचाही विचार त्यांत करण्यात आला. या अटी १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनी लागू झाल्या.

परंतु मानक पुढे पाहते, मागे पाहत नाही. ते नव्याने तयार होणाऱ्या गाडीस लागू होते. आधी विकल्या गेलेल्या आणि आज कोणाच्या तरी जिन्याखाली उभ्या असलेल्या गाडीस लागू होत नाही. त्या जुन्या गाडीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग एकच : तिला परत बोलावणे. म्हणून ते परत बोलावणे पुरेसे होते का, हा प्रश्न नव्या मानकाने सुटत नाही. त्याच सप्टेंबरच्या अखेरीस वसईत घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन भाजलेला सात वर्षांचा मुलगा दगावला. एप्रिलातील त्या तीन कंपन्यांच्या कृतीशी या दुःखद घटनेचा संबंध जोडण्याचे कारण नाही. पण नवा नियम लागू होईपर्यंत जुनी गाडी थांबत नाही, हे तिने दाखवून दिले.

कायदा काय म्हणतो?

गाडी परत बोलावण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे काय? आहे. पूर्वी हे काम बहुतांशी कारखानदारांच्या स्वेच्छेवर चाले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात सुधारणा होऊन कलम ११०-अ घालण्यात आले, आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. ज्या दोषामुळे पर्यावरणास, चालकास, प्रवाशास अगर रस्त्यावरील इतर कोणास अपाय होण्याचा संभव आहे, असा दोष असलेल्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार कारखानदारास देऊ शकते. त्यासाठी ठराविक प्रमाणात मालकांच्या तक्रारी याव्या लागतात, किंवा चाचणी-संस्थेने अथवा अन्य मार्गाने दोष सरकारच्या नजरेस आणावा लागतो. कारखानदाराने गाडी दुरुस्त करावी, बदलून द्यावी किंवा किंमत भरून द्यावी; शिवाय दंड भरावा. हा दंड १ कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. मात्र कारखानदाराने दोष स्वतः कळवून गाड्या आपण होऊन बोलावल्या, तर त्यास दंड नाही.

ही शेवटची सवलत शहाणपणाची आहे. तिच्यामुळे दोष लपवण्यापेक्षा तो सांगणे कारखानदारास सोयीचे होते. पण तिची दुसरी बाजूही आहे. स्वेच्छेने बोलावलेल्या गाडीत नेमका कोणता दोष होता आणि त्यावर कोणता उपाय केला, हे प्रथम कारखानदारच ठरवतो. म्हणून जेथे स्वेच्छा अधिक, तेथे ताळाही अधिक काटेकोर असावा लागतो.

कोरिया आणि अमेरिका

असा ताळा पाहिल्याने काय निष्पन्न होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. ह्युंदाई कंपनीच्या कोना नावाच्या विजेच्या मोटारींना आगी लागू लागल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२० मध्ये कंपनीने त्या देशात २५,५६४ मोटारी परत बोलावल्या. उपाय कोणता? पहारा-यंत्रणेची आज्ञावली सुधारावयाची, आणि ज्या गाडीत काही विपरीत आढळेल तिचीच घटमाला बदलावयाची. पुढे जानेवारी २०२१ मध्ये देगू शहरात एक कोना मोटार पेटली. ती दुरुस्ती होऊन परत गेलेली मोटार होती. या आगीने आधीच्या उपायाविषयीचा संशय बळावला, आणि परत बोलावण्याची ती कृती पुरेशी होती का, हाच सरकारी चौकशीचा विषय झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथील वाहतूक मंत्रालयाने काही घटांच्या आतील ऋणाग्राची पट्टी दुमडली गेल्याचे कारण संभाव्य म्हणून पुढे ठेवले. घट बनवणाऱ्या कंपनीने ते मान्य केले नाही. तरीही ह्युंदाईने जगभरातील सुमारे ८२,००० गाड्यांच्या घटमाला बदलण्याचे ठरवले. खर्चाचा अंदाज होता १ लाख कोटी वॉन.

पहिल्या उपायास खर्च थोडा होता आणि दुसऱ्यास अफाट. कारखानदार दुष्ट असतो असे नव्हे; पण स्वस्त उपाय पुरेसा आहे असे वाटून घेण्याकडे कोणाही माणसाच्या मनाचा कल असतो. ज्यास खर्च करावयाचा आहे त्यानेच ताळा पाहू नये, त्याचे कारण हेच.

अमेरिकेतही असेच घडले. जनरल मोटर्स कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये शेव्हरोले बोल्ट जातीच्या ६८,६७७ मोटारी परत बोलावल्या. घटमाला ९० टक्क्यांहून अधिक चार्ज होऊ नये अशी तात्पुरती मर्यादा घातली आणि नंतर दोष ओळखणारी नवी आज्ञावली बसवली. परंतु २०२१ च्या उन्हाळ्यात ही दुरुस्ती झालेल्या मोटारीही पेटल्या. तेव्हा त्याच मोटारी पुन्हा बोलावण्यात आल्या, आणि ऑगस्टमध्ये ती व्याप्ती वाढवून बोल्ट जातीच्या सर्व, म्हणजे सुमारे १ लाख ४२ हजार मोटारींचा समावेश करावा लागला. एकाच घटात ऋणाग्राची पट्टी फाटलेली आणि पडदा दुमडलेला, असे दोन दोष एकत्र आल्याने आग लागत होती. आज्ञावलीने पडदा सरळ होत नाही! घट पुरवणाऱ्या एलजी कंपनीने या खर्चापैकी सुमारे १९० कोटी डॉलर सोसण्याचे मान्य केले.

हेच घट इतर कंपन्यांनीही घेतले असतील तर? एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने हा प्रश्न हाती घेऊन या पुरवठादाराच्या घटमाला असलेल्या, निरनिराळ्या कंपन्यांच्या मिळून १ लाख ३८ हजारांवर गाड्यांची चौकशी सुरू केली.

या प्रशासनाच्या चौकश्यांत एक प्रकार केवळ ताळा पाहण्यासाठीच आहे. ‘रिकॉल क्वेरी’ असे त्याचे नाव. आगीखेरीज इतर दोषांनाही तो लागू होतो. टेस्ला कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये चालकास साहाय्य करणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेतील सुधारणेसाठी २० लाखांहून अधिक मोटारी परत बोलावल्या. मोटारी प्रत्यक्ष कोठे न्याव्या लागल्या नाहीत. नवी आज्ञावली दूरसंदेशाने घरबसल्या पोहोचली. पण सुधारणा पोहोचलेल्या मोटारींचेही अपघात झाल्याचे दिसताच एप्रिल २०२४ मध्ये त्या सुधारणेच्या पुरेशेपणाची चौकशी सुरू झाली. नेमलेला परीक्षक निराळा असावा तो असा.

तीन प्रश्न

या सर्व हकिकतींवरून, गाड्या परत बोलावल्याची कोणतीही बातमी वाचताना विचारावयाचे तीन प्रश्न आपणांस मिळतात.

पहिला प्रश्न कारणाचा. दोष कोठे होता हे निश्चित झाले आहे काय, आणि उपाय त्याच जागी केला आहे काय? ‘तपासणी केली’ हे वाक्य या प्रश्नाचे उत्तर नव्हे. काय आढळले आणि काय बदलले, हे उत्तर होय.

दुसरा प्रश्न व्याप्तीचा. सदोष असू शकणाऱ्या सर्व गाड्या बोलावल्या काय? एका ठराविक गटाच्याच गाड्या बोलावल्या असतील, तर दोष त्या गटापुरताच आहे हे कशावरून? बोल्टची व्याप्ती दुप्पट करावी लागली, हे विसरता कामा नये.

तिसरा प्रश्न पोहोचण्याचा. बोलावलेल्यांपैकी किती गाड्या खरोखर आल्या? गाडी विकली जाते, मालकाचा दूरध्वनी क्रमांक बदलतो, पुण्यातील स्कूटर इंदुरास येते आणि पत्र जुन्या पत्त्यावरच पडून राहते. न आलेल्या गाडीच्या दृष्टीने परत बोलावणे घडलेलेच नसते. कंपनीने किती गाड्या बोलावल्या हा आकडा छापून येतो. किती दुरुस्त झाल्या हा आकडाही तितक्याच ठळकपणे छापून आला पाहिजे.

२०२२ सालच्या आपल्याकडील दुरुस्त्या अपुऱ्या होत्या असा आरोप आम्ही करीत नाही. त्या पुरेशा होत्या, हे कारखानदाराखेरीज दुसऱ्या कोणी तरी तपासून नागरिकांस स्पष्टपणे सांगावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. त्यासाठी लागणाऱ्या संस्था आपल्याजवळ आहेत. पुण्यात १९६६ पासून चालत आलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे. अहिल्यानगरला लष्करी वाहनांची संशोधन-संस्था आहे. आणि आपल्या इंदुराजवळच पीथमपूर येथे नॅट्रॅक्स हे वाहनचाचणीचे केंद्र आहे, ज्याच्या ११.३ किलोमीटर लांबीच्या वेगवान धावपट्टीचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले. कायद्यात अधिकार आहे, प्रयोगशाळा आहेत, शास्त्रज्ञ आहेत. दुरुस्तीनंतर पुन्हा प्रश्न विचारण्याची रीत तेवढी रुजावयास हवी.

ही रीत केवळ सरकारने रुजवावयाची आहे असे समजू नये. ज्यांच्या घरी विजेची गाडी असेल त्यांनी आज घरी जाऊन तिची कागदपत्रे वडीलधाऱ्यांबरोबर पाहावीत. सांगाड्याचा क्रमांक उतरवून घ्यावा. आपल्या गाडीचा नमुना कधी परत बोलावला गेला होता काय, हे विक्रेत्याकडे विचारावे. दुरुस्ती झाली असल्यास नेमके काय बदलले ते लेखी मागावे. बॅटरी तापते, फुगते किंवा तिला वास येतो असे दिसल्यास ती चार्जिंगला लावू नये आणि तक्रार तोंडी न करता लिहून करावी. कायदा तक्रारी मोजतो. न लिहिलेली तक्रार त्याच्या मोजणीत येत नाही. आणि निजण्याच्या खोलीत किंवा बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर बॅटरी चार्जिंगला लावू नये, एवढे तर आजपासूनच पाळता येईल.

मित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंता होईल, कोणी कारखान्यात दुरुस्ती करील, कोणी सरकारी तपासनीस होईल. दुरुस्ती केल्याचा दाखला लिहून त्यावर सही करण्याचा प्रसंग त्या वेळी येईल. ती गाडी रात्री कोणाच्या तरी उशाशी असणार आहे, हे सही करण्यापूर्वी आठवावे.

स्वाध्याय

१. घटमालेतील दोषाच्या चार जागा सांगून प्रत्येकीस योग्य उपाय कोणता, ते लिहा.
२. ‘मानक पुढे पाहते, मागे पाहत नाही’ या वाक्याचे उदाहरणाने स्पष्टीकरण करा.
३. आपल्या गल्लीतील विजेच्या दुचाकी रात्री कोठे चार्ज होतात, याची पाहणी करून दहा ओळींचे टिपण तयार करा व वर्गात वाचून दाखवा.